काढलेल्या पापण्या

दुपारची जेवणं उरकली की चहाच्या वेळेपर्यंत तेजस्वीच्या पार्लरमध्ये सहसा कोणी फिरकत नसे. सुंदराबाई नेमक्या त्याच वेळेला आल्या. मार्च संपत आला होता, उल्हासनगर कॅम्प पाचचा तो रस्ता भाजून निघाला होता, आणि तरी बाईंनी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता. डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा. आत आल्या आल्या म्हणाल्या, "तेजू, दाराचा पडदा जरा ओढतेस का?"

तेजस्वी त्यांना चांगली ओळखत होती. त्यांची एकुलती एक लेक पायल शाळेत असल्यापासून भुवया करायला तिच्याकडे यायची. पुढे पायलला पुण्यात नोकरी लागली, ती तिकडेच मुलींच्या हॉस्टेलवर राहू लागली, पण आईबापाला भेटायला अंबरनाथला आली की पार्लरला चक्कर असायचीच. आता तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा बदलापूरचा, सम्यक, तोही पुण्यातच नोकरीला. मे महिन्यात अंबरनाथच्या हॉलमध्ये लग्न, आणि नवरीला तयार करायचं काम तेजस्वीकडे. बाई त्याच्याच बोलण्यासाठी आल्या असतील असं तिला वाटलं.

पडदा ओढल्यावर सुंदराबाई खुर्चीत बसल्या, पदर खाली घेतला, चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोक्यावर विग होता, चांगल्यापैकी बसवलेला. भुवया नव्हत्या. आणि पापण्यांचे केस गेले की माणसाचा डोळा किती उघडा पडतो, हे तेजस्वीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. डाव्या डोळ्याला कोपऱ्यात चार केस उरले होते, उजव्याला तेवढेही नव्हते.

"छातीत गाठ होती," सुंदराबाई म्हणाल्या. "दिवाळीनंतर कळलं. परळच्या हॉस्पिटलात जातो आम्ही. ते औषध चढवतात ना, त्याने सगळं झडलं."

तेजस्वीने विचारलं, "पायलला माहीत आहे?"

"टायफॉइड झाला होता म्हणून सांगितलंय. टायफॉइडने केस जातात, तेवढं तिला पटलं. पण पापण्या टायफॉइडने जात नाहीत, तेजू."

मग त्यांनी सगळं सांगितलं, कुणा तिसऱ्याच्या घरची गोष्ट सांगावी तसं. सम्यकच्या आईची सख्खी बहीण याच दुखण्याने गेली होती. दोन वर्षं तिची उस्तवार याच बाईने केली, न्हाऊ-माखू घातलं, शेवटचं पाणीही हिच्याच हातचं. विगने ती फसेल, कारण साठीकडे झुकलेल्या बायका हौसेनेही विग लावतात. पण डोळे पाहिले की तिथल्या तिथे ओळखेल.

"ओळखलं तर ओळखलं," तेजस्वी म्हणाली. "त्या काही बोलतीलच असं कशावरून?"

"बोलली तर? आईला आहे म्हणजे उद्या लेकीलाही होणार, असं जग म्हणतं. आणि ती गप्प राहिली तरी पायल गप्प बसणाऱ्यातली नाही. लग्न पुढे ढकलेल, नोकरी सोडेल, माझ्या उशाशी येऊन बसेल." त्यांनी मांडीवरच्या चष्म्याची घडी घातली. "माझं लिव्हरलाही गेलंय. पुढे ढकलायला माझ्यापाशी काही नाही."

तेजस्वीने आधी आपल्या नेहमीच्या सामानाला हात घातला. तिच्याकडे ट्यूबचा मस्कारा होता, वॉटरप्रूफ, नवरीला लावायचा म्हणून जपून ठेवलेला. नवरी कितीही रडली तरी तो हलायचा नाही, त्यावर तिचं नाव चाललं होतं. पण त्याचा जाड ब्रश सुंदराबाईंच्या डोळ्याला लावला तर त्याला धरायला काही नव्हतंच. काळा रंग नुसता कातडीला फासला गेला. तो काढायला तेल लावलेला कापूस फिरवला, तर कापसावर रंगाबरोबर दोन केस आले. दोघींनीही ते पाहिले.

"राहू दे," सुंदराबाई म्हणाल्या. "उरलेत तेवढे तरी राहू देत."

तेव्हा तेजस्वीला मोहिनी आंटी आठवली. लग्नाआधी ती कॅम्प तीनला या सिंधी बाईच्या हाताखाली काम शिकली होती. आंटीकडे मस्काऱ्याची वडी असायची, चपट्या डबीत साबणाच्या तुकड्यासारखी काळी वडी आणि शेजारी इवलासा ब्रश. आंटी खुशाल वडीवर थुंकायची आणि ब्रश घासायची. पुढे ट्यूबा आल्या आणि वड्या गेल्या. पण वडीचा रंग बारीक ब्रशाच्या टोकावर घेता येतो, पाणी कमी घातलं की दाट होतो, आणि त्याने एकेक केस काढता येतो, कागदावर रेघ काढावी तसा. पुसायला तेलाची गरज नाही, नुसतं पाणी पुरतं. ओढाताण नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॅम्प दोनच्या बाजारात दुकानं पालथी घालत हिंडली. एका दुकानदाराने तिला वेड्यात काढलं. "वो अब कौन लेता है, बहन? ये देखो, नया माल. रोओ, नहाओ, कुछ नहीं होता." शेवटी नाटकवाल्यांना रंग विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे डबी मिळाली. पार्लरमधले ब्रश न वापरता तिने नवे घेतले, चित्रकलेचे, अगदी बारीक. बाईंच्या अंगात प्रतिकार उरला नव्हता, दहाजणींच्या डोळ्यांना लागलेली वस्तू त्यांना लावायची नाही एवढं तिला कळत होतं.

वडीने काम झालं. आधी भुवया पेन्सिलने भरल्या, मग पापणीच्या कडेला बाहेर झुकलेल्या बारीक बारीक रेघा. जवळून पाहिलं तर कळायचं, पण हातभर अंतरावरून डोळा डोळ्यासारखा दिसायचा. सुंदराबाईंनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि हसल्या. "लग्नातसुद्धा एवढी नटले नव्हते मी."

पण अडचण पुढेच होती. लग्नाआधी पायल सुट्टी काढून घरी येणार, आई सकाळी उठल्यापासून तिच्या नजरेसमोर असणार. रोज अंबरनाथला जाणं तेजस्वीला शक्य नव्हतं, आणि सुंदराबाईंचा हात औषधांनी थरथरायचा. म्हणून पुढच्या खेपेला त्या नवऱ्याला घेऊन आल्या. भीमराव कारखान्यात फिटर होते, निवृत्तीला आलेले, बोलायला मोजके. बायकांच्या पार्लरमध्ये ते चपला बाहेर काढून आले, देवळात यावं तसे, आणि स्टुलावर बसून तेजस्वी कसं करते ते बघत राहिले. मग ब्रश हातात घेतला. पहिली रेघ जाड आली. दुसरी बरी आली. त्यांचा हात एकदा स्थिर झाला की हलत नसे. रेघ काढताना ते श्वास रोखून धरायचे आणि सुंदराबाईही धरायच्या.

"उन्हात जास्त उभं राहायचं नाही, घाम पापणीवर येऊ द्यायचा नाही," तेजस्वीने बजावलं. "आणि हे पाण्याने जातं, ताई. डोळ्यातून थेंब आला की सगळं गालावर येईल. पाठवणीला काय कराल?"

"नाही रडणार."

"असं ठरवून होतं का?"

"तू तुझं काम कर, माझं मी बघते," सुंदराबाई म्हणाल्या. हे एवढंच त्या जरा तुसडेपणाने बोलल्या.

तेजस्वीला हे पटलं नव्हतं. ती स्वतः चिखलोली गावची, तिच्या घरी आजारपण म्हणजे गावजेवणासारखं, सगळे येणार, सगळे बसणार, सगळे रडणार. एवढं मोठं दुखणं लेकीपासून लपवायचं ही कुठली रीत, असं तिच्या मनात यायचं. तसं तिने बोलूनही दाखवलं. सुंदराबाई म्हणाल्या, "तुला लेक असती तर तू हेच केलं असतंस." तेजस्वीला मूल नव्हतं. 

एप्रिलच्या शेवटी पायल मेकअपची ट्रायल घ्यायला आली. खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तेजस्वी तिच्या पापण्यांना हात लावत होती, दाट, लांब, आईवर गेलेल्या. मध्येच पायलने विचारलं, "ताई, आई खूप वाळलीये ना? मी बाबांना विचारलं तर म्हणतात, लग्नाची दगदग. तुम्हाला काय वाटतं?"

तेजस्वीचा हात थांबला. सांगायची वेळ आली होती ती एवढीच, आणि दार पायलने स्वतः उघडलं होतं. पण आरशाच्या बाजूच्या भिंतीवर सुंदराबाईंनी आदल्या आठवड्यात आणून दिलेली लग्नपत्रिका अडकवलेली होती, तिच्याकडे तेजस्वीची नजर गेली.

"टायफॉइड माणसाला आतून खातो," ती म्हणाली. "भरून यायला वेळ लागतो. डोळे मीट."

पायलने विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं तेजस्वीने तिला आजवर काही सांगितलंच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी तेजस्वीने आधी आईला तयार केलं, मग लेकीला. सुंदराबाईंनी पांढऱ्यावर निळी किनार असलेली साडी नेसली होती, विगवर गजरा माळला होता. हॉलमध्ये पंखे गरागरा फिरत होते तरी हवा हलत नव्हती. तेजस्वी पर्समध्ये टिपकागद घेऊन बाईंच्या मागे मागे राहिली आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांचं कपाळ टिपत राहिली. वऱ्हाड आलं. सम्यकची आई गाडीतून उतरली, ठेंगणी, सावळी, चष्मा लावलेली बाई. सुंदराबाईंनी पुढे होऊन तिला फुलं दिली, दोघींनी "जय भीम" केला, एकमेकींचे हात हातात धरले. त्या बाईची नजर सुंदराबाईंच्या चेहऱ्यावर फिरली, हातांवर फिरली, परत चेहऱ्यावर आली. तेजस्वी एक पाऊल पुढे सरकली. पण बाई म्हणाली ती एवढंच, "तुम्ही बसून घ्या हो. उभ्या नका राहू. कामाला माणसं आहेत."

त्रिशरण झालं, पंचशील झालं, वधूवरांनी एकमेकांना हार घातले, फुलांचा पाऊस पडला. जेवणावळी उठल्या. सगळं नीट पार पडलं, आणि मग पाठवणीची वेळ आली.

गाडी दारात लागली होती. पायल आधी मावशीच्या गळ्यात पडली, मग आत्याच्या, मग शेजारणींच्या. बायका रडत होत्या, पोरीही रडत होत्या. शेवटी ती आईपाशी आली आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारायला गेली. सुंदराबाईंनी तिला जवळ घेतलं, पण तोंड बाजूला वळवून. पायलचा ओला गाल आपल्या गालाला लागू नये म्हणून त्यांनी मान मागे ताणली होती. पायलला ते जाणवलं. ती बाजूला झाली आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तो चेहरा कोरडा होता. जबडा आवळलेला, डोळे ताठ, पापणीसुद्धा लवत नव्हती.

"आई," पायल म्हणाली.

"जा आता. उशीर होतोय. लोक खोळंबलेत."

मागे एक शेजारीण, गावठाणातली म्हातारी, दुसरीला म्हणाली, "पोरीचे पाठवणीला आयस रडत नाय, असा कवा बगला नाय." ती हळू बोलली नव्हती. पायलने ते ऐकलं, सुंदराबाईंनीही ऐकलं. पायलने इकडे तिकडे पाहिलं. "बाबा कुठायत?" कोणीतरी म्हणालं, मागे आचाऱ्याचा हिशेब बघतायत, येतीलच. ते आले नाहीत. सम्यकने तिचा हात धरला आणि ती गाडीत बसली. गाडी वळेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

तेजस्वीने सुंदराबाईंना नवरीच्या खोलीत नेलं, दार लावलं, कापूस ओला केला. "आता रडा, ताई. आता कोणी नाही."

सुंदराबाई खुर्चीत बसून राहिल्या. तेजस्वीने काढलेल्या पापण्या एकेक करून पुसल्या, भुवया पुसल्या. त्यांना रडू आलं नाही. सगळं पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आटलं बघ. आता येतच नाही."

पायल सम्यकबरोबर पुण्याला गेली. लग्नानंतर लेक माहेरी राहायला येते, ती आली नाही. फोन करायची, पण बोलणं जेवलीस का, पाणी येतं का, एवढ्यावर संपायचं. सुंदराबाईही ये म्हणाल्या नाहीत. कारण ती आली असती तर आता लपवणं शक्य नव्हतं, त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि त्यावर कुठला मस्कारा चालणार होता? तेजस्वी दोनदा त्यांना बघायला गेली. दुसऱ्या वेळी त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि भीमराव चमच्याने पाणी पाजत होते. "सांगा आता तिला," तेजस्वी भीमरावांना म्हणाली. त्यांनी नुसती नाही म्हणून मान हलवली. त्यांनी फोन केला तो ऑगस्टमध्ये, अगदी शेवटी. पायल आली तेव्हा सुंदराबाईंना शुद्ध नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

सुंदराबाईंच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर चार दिवसांनी पायल पार्लरमध्ये आली. तेजस्वीने एका बाईच्या केसांना मेंदी लावली होती, ती बाई कोपऱ्यात मासिक चाळत बसली होती. पायल खुर्चीत बसली नाही. उभीच राहिली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. इथेच बसून विचारलं होतं."

"तुझ्या आईने शपथ घातली होती," तेजस्वी म्हणाली. शपथ वगैरे काही नव्हती, तोंडातून तसं निघून गेलं.

"माझ्या सासूबाईंनाही माहीत होतं." पायलचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "हॉलमध्येच ओळखलं त्यांनी. फुलं घेताना आईची नखं बघितली. काळी पडली होती. त्यांच्या बहिणीची तशीच झाली होती म्हणे. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, ती बाई एवढा जीव तोडून उभी होती, मी कशाला तोंड उघडू? तुला माहीत असेल असं वाटलं."

नखं.  पापण्या, भुवया, केस, कपाळावरचा घाम, सगळ्याचा विचार तेजस्वीने आणि सुंदराबाईंनी केला होता. नखांना साधं नेलपेंट लावायचं दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि लावलं नाही म्हणून काही बिघडलंही नव्हतं. ज्या बाईच्या धास्तीने हे सगळं केलं तिने एका नजरेत ओळखलं आणि तरी सुनेला घरी नेलं.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं," पायल म्हणाली. "फक्त मला नाही."

तेजस्वीला वाटलं, निदान एवढं तरी हिला कळलं पाहिजे. तिने वडीच्या मस्काऱ्याचं सांगितलं, तो पाण्याने जातो ते सांगितलं, भीमराव पहाटे उठून रेघा काढायचे ते सांगितलं. "पाठवणीला ती रडली नाही ती त्याच्यामुळे. रडली असती तर डोळे धुऊन निघाले असते. तुझ्यापासून तोंड वळवलं तेही त्याच्याचमुळे. तुझ्यावर माया नव्हती असं नाही गं."

पायलने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर काही सैलावेल असं तेजस्वीला वाटलं होतं, पण तसं झालं नाही.

"मी तीन महिने तिच्यावर रागावले होते," पायल म्हणाली. "ती फोनवर बोलायची तेव्हा मी कामाचं निमित्त करून फोन ठेवायची. ते तुम्ही मला परत देणार आहात का, ताई? धुऊन जाऊ द्यायचे होते डोळे. मी पुसले असते."

ती गेली. कोपऱ्यातल्या बाईने मासिक खाली ठेवून विचारलं, "कोण गं ही?"  तेजस्वी बाईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मेंदी सुकली का ते बघत राहिली. पायल त्यानंतर पार्लरला कधीच आली नाही.

थंडीत एकदा अंबरनाथच्या भाजी बाजारात भीमराव भेटले. मेथीच्या दोन जुड्या हातात घेऊन त्यातली कुठली घ्यावी ते ठरवत उभे होते. बरेच थकले होते. तेजस्वीने पायलची चौकशी केली. ती रविवारी फोन करते, ते म्हणाले. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढंच. सम्यकची आई बदलापूरहून कधीमधी डबा पाठवते, चांगली बाई आहे.

"मी तिला सांगितलं होतं," तेजस्वी म्हणाली, "ताई का रडल्या नाहीत ते."

"मला म्हणाली ती." भीमरावांनी एक जुडी परत ठेवली. "आईला कदाचित माफ करेल. मला विचारते, बाबा, तुम्ही कुठे होतात? तुमच्या डोळ्यांना तर काही लावलेलं नव्हतं."

तेजस्वीने त्यांची पिशवी उघडून धरली.

"सुंदरा मला म्हणाली होती, तुम्ही समोर रडलात तर मला रडू आवरणार नाही. तुम्ही येऊच नका. म्हणून मी आचाऱ्याकडे जाऊन बसलो. त्याची भांडी घासून मोजून झाली, तरी बसून होतो. गाडीचा आवाज ऐकला." त्यांनी भाजीवाल्याला पैसे दिले आणि जुडी पिशवीत घातली. "हे तिला कसं सांगू? पुन्हा आईवरच ढकलल्यासारखं होईल."

मग पिशवी घेऊन ते घराच्या दिशेने चालायला लागले.